तीन लाखांपुढचं इंजिन आणि शंभर मिली ऑइल

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेलो होतो, की इंजिन बांधायला (म्हणजे पूर्ण उघडून नव्याने जुळवायला) काढायच्या आधी एकदा ऑइलची लॅब टेस्ट करून बघा. तेवढ्या एका ओळीवर इतके मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत, आणि एक-दोघांनी मला "हे काय नवीन फॅड" म्हणून झापलंय तेही ठेवलंय.

प्रश्न, कराडहून: सर, माझी सात सीटर डिझेल टुरिस्ट गाडी आहे, २.५ लिटरचं इंजिन, ३ लाख ६० हजार किमी झाले, पुणे-कोल्हापूर-महाबळेश्वर सारखं चालू असतं. आमचा मेकॅनिक म्हणतो रस्त्यात बसायच्या आधी इंजिन बांधून घ्या. गाडी तशी धूर मारत नाही, पिकअप पण बरा आहे, फक्त ऑइल थोडं खाते, १० हजारात लिटरभर टॉपअप लागतो. माझा मेव्हणा पोकलेनवर आहे, त्याच्या ओळखीने ऑइल टेस्टला पाठवलं. रिपोर्ट आला पण काही कळेना. लोखंड ७८, अॅल्युमिनियम १९, क्रोमियम ५, तांबं ९, शिसं ४, कथील १, सिलिकॉन ४६, सोडियम ६, पोटॅशियम २, व्हिस्कॉसिटी १३.९, टीबीएन ५.१, काजळी ०.६ टक्के. ऑइल १५डब्ल्यू-४०, सात लिटर लागतं, १० हजार चाललेलं. सिलिकॉनवर पिवळी खूण आहे. लोखंड ७८ म्हणजे इंजिन गेलं का?

उत्तर: नाही गेलं. सगळ्यात आधी तो ७८ चा आकडा जरा हातात घेऊन बघू. तो पीपीएममध्ये असतो, म्हणजे दहा लाखात किती भाग, किंवा एक किलो ऑइलमध्ये किती मिलिग्रॅम. तुमचं ऑइल सात लिटर, वजनाला साधारण सहा किलो. सहा गुणिले ७८ म्हणजे पावणेपाचशे मिलिग्रॅम, अर्धा ग्रॅमसुद्धा नाही, सोनाराच्या भाषेत चारेक गुंजा. दहा हजार किलोमीटरमध्ये इंजिनाने चार गुंजा लोखंड झिजवून ऑइलमध्ये सोडलं. लायनर (सिलेंडरची आतली भिंत), क्रँक, कॅम, ऑइल पंप, सगळ्यांचं मिळून. टॉपअपमुळे आकडा थोडा पातळ झालाय हे खरं, फिल्टरने पण थोडं पकडलं असेल, तरी साडेतीन लाखाच्या डिझेलला हे घाबरण्यासारखं नाही.

आता माझी सवय सांगतो. बहुतेक जण रिपोर्ट हातात आला की पहिला लोखंडाकडे बघतात, मी पहिला सिलिकॉनकडे बघतो. कारण लोखंड हा परिणाम आहे आणि सिलिकॉन बऱ्याचदा कारण असतं. सिलिकॉन म्हणजे इथे धूळ. मातीत, वाळूत जो क्वार्ट्झ असतो तो तुमच्या लायनरच्या लोखंडापेक्षा कडक असतो, तो एकदा पिस्टनची रिंग आणि लायनरच्या मध्ये शिरला की पॉलिश पेपर मारल्यासारखं काम चालू. आणि धुळीत नुसतं सिलिकॉन नसतं, अॅल्युमिनियम पण असतं, तुमच्याकडे ४६ आणि १९ असे दोघं जोडीने वर आलेत, बरोबर रिंगचं क्रोमियम पण ५ दिसतंय. ही जी चौकडी आहे ना, सिलिकॉन, अॅल्युमिनियम, लोखंड, क्रोमियम, ती एकत्र चढली की माझा हात इंजिनाकडे जात नाही, एअर फिल्टरच्या डब्याकडे जातो.

हेच सिलिकॉन एकटं वाढलेलं असतं, अॅल्युमिनियम जिथल्या तिथे, तर मी विचारलं असतं की हल्ली हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उतरवलं होतं का, चेंबर (तळाची ऑइलची टाकी) काढून परत लावलं का, कारण गॅस्केटला जो सिलिकॉनचा सीलंट लावतात तो पण ऑइलमध्ये विरघळून आकडा वाढवतो आणि त्याने काही बिघडत नाही. काही ऑइलमध्ये फेस येऊ नये म्हणूनही थोडं सिलिकॉन घातलेलं असतं.

तर तुमचं काम आता हे. एअर फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंतचा पाईप पूर्ण काढून आतून बोट फिरवा. तो आतून स्वच्छ असायला पाहिजे, एकदम. बोटाला पिवळी-लाल पावडर लागली तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत जातेय. क्लँप ढिला आहे का, डब्याची क्लिप तुटून वायरने बांधलीय का, फिल्टर लोकल आहे आणि त्याचा रबराचा काठ नीट बसत नाही का, हे बघा. माझ्या स्वतःच्या गाडीत रबरी पाईपला क्लँपच्या खालच्या बाजूला चीर होती, गाडी उभी असताना ती मिटलेली, चढाला टर्बोने ओढ घेतली की उघडायची, आणि मी दोन वर्षं वरून बघून "पाईप ओके" म्हणत होतो! आणि मेकॅनिकला विचारा फिल्टर कसा साफ करतो. टायरवर आपटून आणि वर कंप्रेसरची हवा मारून करत असेल तर कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. फिल्टर नवीन टाकायला लागतात काही शे रुपये, इंजिन बांधायला किती लागतात ते तुमचा मेकॅनिक सांगेलच.

हवेचा हिशोब कोणी करत नाही म्हणून सांगतो. २.५ लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन २००० आरपीएमला मिनिटाला अडीच हजार लिटर हवा ओढतं, आणि ही टर्बो न धरता. तासाभरात दहा बाय बाराच्या चार खोल्या भरतील एवढी हवा होते. क्रशरजवळून, कच्च्या डायव्हर्जनवरून, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून गाडी चालली की त्या चार खोल्यांमधली धूळ फक्त एका कागदाने अडवायची असते.

बाकी आकडे पटकन. तांबं, शिसं, कथील हे तिघं बेअरिंग आणि बुशचे साक्षीदार, तिघंही गप्प आहेत, म्हणून खालचं काम उघडायचं काही कारण नाही. सोडियम-पोटॅशियम कमी म्हणजे कूलंट आत येत नाही. व्हिस्कॉसिटी, म्हणजे ऑइलचा घट्टपणा, १३.९, चाळीस ग्रेडला १०० डिग्रीवर १२.५ ते १६.३ च्या मध्ये पाहिजे, म्हणजे डिझेल मिसळून ऑइल पातळ झालेलं नाही, डिझेल फवारणारे नोझल ठीक असावेत. टीबीएन म्हणजे ऑइलमध्ये आम्ल मारायची ताकद किती उरलीय ते, तुमच्या प्रकारच्या नव्या ऑइलला साधारण १० असतो, निम्मा उरलाय, छान. हवेचा रस्ता दुरुस्त करा, ऑइल-फिल्टर बदला, ५ हजारावर परत नमुना पाठवा. तेव्हा सिलिकॉन नुसतं किती आहे ते बघू नका, दर हजार किलोमीटरला किती ते बघा, आत्ता ४.६ आहे. ते दीड-दोनवर आलं आणि लोखंड पण खाली आलं, तर मेकॅनिकला एक चहा पाजा आणि इंजिन बांधायचा विषय पुढच्या लाखावर ढकला.

प्रश्न, मिरजेहून: आम्ही चाळीस वर्षं गाड्या चालवल्या, ऑइल दोन बोटांत चोळून बघायचो, वास घ्यायचो, कळायचं. आता हे लॅब-बिब कशाला, नवीन फॅड आहे सगळं.

उत्तर: काका, फॅड नाही, तुमच्या चाळीस वर्षांपेक्षा जुनं आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या रेल्वेवाल्यांनी डिझेल इंजिनांच्या ऑइलमधले धातू मोजायला सुरुवात केली, पुढे त्यांच्या नौदलाने आणि हवाई दलाने विमानांच्या इंजिनांना तेच लावलं. आपल्याकडे रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये ऑइलची लॅब असते. ते २६०० हॉर्सपॉवरचं सोळा सिलेंडरचं डब्ल्यूडीएम-२ रेल्वे इंजिन आठवतंय ना, मिरज स्टेशनात उभं राहून धडधडायचं ते, त्याच्या ऑइलचा नमुना ठरलेल्या वेळी लॅबमध्ये जायचा आणि तांबं-शिसं चढलं की इंजिन लाईनवर बंद पडायच्या आधी शेडमध्ये थांबवायचे. इंजिन एवढं मोठं की उघडून बघणं परवडत नाही, म्हणून रक्त तपासायचं, तसलाच प्रकार.

पण तुमचं बोट मी मोडीत काढत नाहीये, उलट मला त्यावरच जास्त बोलायचंय. मशीन काय करतं बघा. भाताला मीठ घातलेलं पाणी उतू जाऊन गॅसवर पडलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते, तो सोडियमचा रंग. लॅबचं मशीन तेच करतं, ऑइलचा थेंब हजारो डिग्रीच्या ज्वाळेसारख्या प्लाझ्मात किंवा ठिणगीत जाळतं, प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा प्रकाश देतो, कुठला रंग किती तेजस्वी त्यावरून पीपीएम. आता गोम अशी की कण बारीक असला तरच तो पूर्ण जळतो. पाच-दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचा कण मशीनला नीट दिसत नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे बघा किती बारीक.

आणि तुमच्या डोळ्याला, बोटाला? ४० मायक्रॉनच्या खालचं काही सहज कळत नाही. म्हणजे बारीक झिजेचं मशीनला कळतं, मोठा कचका तुमच्या बोटाला कळतो, आणि मधला पट्टा दोघांनाही आंधळा. बेअरिंगचा तुकडा निघाला, कॅमचा पापुद्रा उडाला, तर रिपोर्ट झकास येऊ शकतो आणि इंजिन पुढच्या घाटात बसू शकतं. असं झालेलं मी बघितलंय, रिपोर्ट खिशात घेऊन टोचन लावलेला माणूस.

त्या मधल्या पट्ट्याला उत्तर एकच, जुना ऑइल फिल्टर फोडून बघणे. मोठे कण बरेचसे तिथेच अडकतात. ज्या गाडीत नुसती कागदाची जाळी बदलतात तिथे तर फोडायचं पण नाही, ती हातातच येते. डब्याचा फिल्टर असेल तर पाईप कटरसारखा फिरवून कापायचा कटर मिळतो त्याने कापा, ग्राइंडर लावू नका, नाहीतर ग्राइंडरचंच लोखंड आत पडेल आणि तुम्ही इंजिनाला शिव्या द्याल. कागदाच्या घड्या उलगडून पांढऱ्या फडक्यावर डिझेलने धुवा, ऊन्हात धरा, खालून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं तर लोखंड-पोलाद. चमकतंय पण चिकटत नाही तर बेअरिंगचा किंवा पिस्टनचा धातू. लग्नातल्या चमकीसारखं भरपूर दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोचन लावा.

आणि काका, काळ्या रंगावरून मात्र काही ठरवू नका. डिझेलचं ऑइल बदलल्यावर चारपाचशे किलोमीटरमध्ये काळं होतंच, काजळी इंजिनाला चिकटण्याऐवजी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

प्रश्न, नाशिकहून: बाबांची बोलेरो आहे, २ लाख ९० हजार. मला नमुना स्वतः काढायचाय. गरम की थंड, कुठून, किती? घरात स्वच्छ धुतलेली लोणच्याची बाटली आहे ती चालेल का?

उत्तर: ताई, लोणच्याची बाटली सोडून काहीही! मिठाचा अंश राहिला तर रिपोर्टमध्ये सोडियम वर येईल आणि मी कूलंट आत येतंय समजून तुम्हाला हेड गॅस्केट उघडायला सांगेन. धुतलेली बाटली नकोच, ओलसर राहते आणि मग पाणी दाखवते. लॅब स्वतःची बाटली देते, साधारण १०० ते १२० मिलीची, तीच घ्या आणि शेवटच्या मिनिटापर्यंत झाकण उघडू नका.

गाडी आधी पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणा, म्हणजे खाली बसलेलं सगळं ढवळून निघतं. ऑइल चेंजच्या वेळीच काढणार असाल तर ड्रेन नटच्या आजूबाजूचा चिखल आधी पुसा, नट काढल्यावर पहिली धार जाऊ द्या कारण चेंबरच्या तळाचा गाळ त्यात येतो, शेवटची पण नको, मधल्या धारेत बाटली धरा. हात सांभाळा, ऑइल चांगलंच भाजतं. मध्येच काढायचं असेल तर डिपस्टिकच्या नळीतून नवी प्लास्टिकची नळी घालून हातपंपाने ओढतात, नळी प्रत्येक वेळी नवी. नमुन्याच्या आधी टॉपअप करायचं नाही, ही चूक सगळे करतात, पातळी कमी दिसली म्हणून लिटरभर नवीन ओततात आणि मग नमुना काढतात.

बाटलीवर लिहायचं ते गाडीचे एकूण किलोमीटर, ऑइल किती किलोमीटर चाललं, मध्ये किती टॉपअप केलं, ऑइलचं नाव आणि ग्रेड. यातला ऑइल किती चाललं हा आकडा नसेल तर पैसे वाया, कारण ६० पीपीएम लोखंड ५ हजाराला वाईट आणि १५ हजाराला उत्तम. परवडलं तर एकदाच त्याच ऑइलच्या न वापरलेल्या डब्यातला नमुना पण पाठवून ठेवा. ऑइलमध्ये कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस मुद्दाम घातलेलं असतं, काहींत मॉलिब्डेनम, बोरॉन, क्वचित सोडियमसुद्धा, ते मुळात किती होतं हे माहीत असलं की उगाच दचकायला होत नाही.

कुरियरवाले पातळ पदार्थ बघून कुरकुरतात, दोन पिशव्यांत बांधून द्या.

प्रश्न, पिंपरीहून: माझी कार सीएनजीवर चालते, १ लाख ८० हजार झाले. १४ हजार किमीनंतर पण ऑइल मधासारखं सोनेरी आहे. मग बदलायचं कशाला, २० हजार चालवू का?

उत्तर: चालवू नका. सीएनजीत काजळी जवळजवळ नसतेच म्हणून ऑइल गोरं राहतं, पण आतून ते म्हातारं होतच असतं. सीएनजीत ज्वलन गरम होतं, नायट्रोजनचे ऑक्साइड ऑइलशी भिडतात, ऑइल घट्ट आणि आंबट होत जातं, रंगावर काही दिसत नाही. लॅबला सांगून ऑक्सिडेशन आणि नायट्रेशन मोजून घ्या, नाहीतर कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्या किलोमीटरला बदला आणि विषय संपवा. तुमच्या केसमध्ये खरं तर मी टेस्टपेक्षा व्हॉल्व्हचा गॅप तपासायला सांगेन. सीएनजीत व्हॉल्व्हच्या सीट झिजतात आणि ती झीज सायलेन्सरमधून बाहेर निघून जाते, ऑइलमध्ये येतच नाही, म्हणजे रिपोर्ट कितीही गोड आला तरी त्यावर ते कळणार नाही.

प्रश्न, नागपूरहून: बीएस६ डिझेल एसयूव्ही आहे, ९५ हजार. बाकीच्यांच्या गाड्या ऑइल खातात, माझी ऑइल वाढवते! डिपस्टिकवर मॅक्सच्या वर गेलंय. चांगलंच आहे ना?

उत्तर: भाऊ, इंजिन ऑइल पैदा करत नाही, ते डिझेल आहे. डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी पकडणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जाळायला गाडी मधूनमधून जास्तीचं डिझेल सोडते, रोज पाच किलोमीटर ऑफिसला जाऊन गाडी बंद केली की ते जाळणं अर्धवट राहतं, सारखं सारखं सुरू होतं, आणि न जळलेलं डिझेल लायनरवरून घसरत चेंबरमध्ये. रिपोर्टमध्ये हे तीन ठिकाणी दिसेल, डिझेलचा टक्का वर, व्हिस्कॉसिटी खाली (५डब्ल्यू-३० असेल तर १०० डिग्रीवर ९.३ च्या खाली गेली की ते तीस ग्रेडचं राहिलंच नाही), आणि फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला ऑइलची वाफ पेट घेते तो) खाली. धातू अजून कमी असतील, पण पातळ ऑइलने बेअरिंगचा थर फाटायला लागला की शिसं-तांबं चढायला वेळ लागत नाही.

मॅक्सच्या वर असताना चालवूच नका. पातळी फारच वाढली तर डिझेल इंजिन ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडायच्या नळीतून) स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं, मग चावी काढली तरी बंद होत नाही, बघवत नाही ते. ऑइल आजच बदला, नवीन टाकताना डीपीएफवालं कमी राखेचं ऑइलच टाका, पुस्तकात ग्रेडबरोबर जे स्पेसिफिकेशन लिहिलंय ते शब्दशः जुळवा, ट्रकचं सीआय-४ दर्जाचं ऑइल घातलं तर त्याची राख डीपीएफमध्ये बसते ती कशानेच जळत नाही. आणि आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास एका लयीत चालवा.

प्रश्न, न्यू जर्सीहून: इथे ऑइल टेस्ट करणं सोपं आहे, किट घरी येतं. २ लाख १० हजार मैल झालेली सेडान आहे, दर वेळी रिपोर्ट छान असायचा, या वेळी सोडियम ८८, पोटॅशियम ४१, तांबं आणि शिसं दोन्ही आधीच्या दुप्पट. पण पाणी शून्य, आणि ऑइल दुधाळ पण नाही. कूलंट महिन्याला थोडं कमी होतं. लॅबची चूक असेल का?

उत्तर: लॅबची चूक वाटत नाही. तुमच्याकडे इंडियानातल्या ब्लॅकस्टोनसारख्या लॅब एकाच मॉडेलच्या गाड्यांची सरासरी शेजारी छापतात, ती चैन आम्हाला इकडे नाही, पण त्याहून भारी गोष्ट तुमच्याकडे आहे, स्वतःच्याच गाडीचे जुने रिपोर्ट. त्यामुळेच "दुप्पट" हा शब्द तुम्ही लिहू शकलात.

ऑइल ताकासारखं व्हायला गळती मोठी लागते. छोटी गळती असेल तर पाणी गरम ऑइलमधून वाफ होऊन उडून जातं, मागे राहतात कूलंटमधली सोडियम-पोटॅशियमची औषधं आणि ग्लायकॉल. ते ग्लायकॉल ऑइलमध्ये सडून आम्ल होतं आणि बेअरिंगचं शिसं-तांबं खातं. तुमच्या रिपोर्टमध्ये ही गोष्ट ओळीने लिहिलेली आहे. थंडीत छोट्या फेऱ्यांनी ऑइलच्या झाकणाखाली जो लोण्यासारखा थर येतो तो वेगळा, ती नुसती वाफ असते, त्याला पोटॅशियम नसतं. कूलिंग सिस्टीमला प्रेशर टेस्ट लावा, याच आठवड्यात, आणि ऑइल लगेच बदला, पुढच्या नमुन्याची वाट बघू नका. शिसं वाढत नसतं आणि नुसतं तांबं वाढलेलं असतं तर मी ऑइल कूलरवर संशय घेतला असता, ऑइलचा ब्रँड बदलल्यावर कूलरचं तांबं रासायनिक पद्धतीने सुटतं आणि आकडा शंभराच्या पुढे जाऊन पण इंजिनाला काही होत नाही. इथे दोघं जोडीने आहेत म्हणून घाई.

प्रश्न, छत्रपती संभाजीनगरहून: जुनी गाडी घ्यायचीय, मालक ऑइल टेस्ट करून द्यायला तयार आहे, विश्वास ठेवू का?

उत्तर: ऑइल कधी बदललं ते विचारा. गेल्या आठवड्यात बदललं असेल तर तो नव्या ऑइलचा रिपोर्ट आहे, गाडीचा नाही. त्यापेक्षा थंड इंजिन समोर चालू करायला लावा, ऑइलचं झाकण उघडून वाफ किती फेकते बघा, कॉम्प्रेशन तपासा.

प्रश्न, बार्शीहून: माझ्या सहा ट्रक आहेत, सगळ्या ४ लाखाच्या पुढे. ऑइल चेंज १८ हजाराला करतो. टेस्ट केली तर २५-३० हजारापर्यंत नेता येईल का? खर्च परवडेल का?

उत्तर: एका कारवाल्यापेक्षा तुम्हालाच जास्त परवडेल, खरं सांगायचं तर १ लाख चाललेल्या घरच्या छोट्या कारला मी टेस्ट करू नका म्हणतो, तेवढ्या पैशात ऑइल दोन हजार आधी बदला. ट्रकचं गणित वेगळं, एका वेळचं ऑइलच १५-२० लिटर आणि वर गाडी एक दिवस उभी. ऑइल ड्रमने घेत असाल तर कंपनीच्या माणसाला विचारा, मोठ्या ऑइल कंपन्यांच्या स्वतःच्या लॅब असतात आणि ठोक गिऱ्हाइकाचे नमुने त्या तपासून देतात. जेसीबी-पोकलेनवाल्यांना हे माहीत असतं, ट्रकवाले विचारतच नाहीत.

पण एकदम ३० वर उडी नको. सहाच्या सहा गाड्यांचा नमुना १८ हजारावर काढा, तो पहिला रिपोर्ट म्हणजे फक्त पाया, त्याच्यावरून काही ठरवायचं नाही. दुसऱ्या वेळी, परत १८ वरच. दोन्ही वेळा सारखं आलं तर ज्या गाडीचं लोखंड दर हजाराला सगळ्यात कमी आहे तिलाच २१ वर न्या, तिथे टीबीएन बघा. नव्याच्या निम्म्याखाली आला की मी थांबतो, काही लोक आणखी खाली जातात, ते त्यांचं काळीज. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने आहे. एप्रिल २०२० पासून देशभर जे डिझेल मिळतं त्यात गंधक १० पीपीएम आहे, त्याच्या आधी बीएस४ मध्ये ५० आणि बीएस३ मध्ये ३५० होतं, गंधकाचंच आम्ल होतं, त्यामुळे टीबीएन हल्ली पूर्वीपेक्षा हळू उतरतो. १८ हजाराचा तुमचा आकडा जुन्या डिझेलच्या जमान्यातला असेल तर वाढवायला जागा असणार. काजळी ३ टक्क्यांच्या आसपास दिसली तर मात्र त्या गाडीला मागे आणा, आणि तिचे नोझल बघा. सहापैकी एखादी बाकीच्यांपेक्षा सिलिकॉन दुप्पट दाखवेल, मला तर जवळजवळ खात्री आहे, तिचा एअर पाईप वर कराडवाल्यांना सांगितलाय तसा काढून बघा.

निघालेलं ऑइल लाकडाला वाळवीसाठी किंवा अंगणात धूळ बसावी म्हणून टाकू नका, २०१६ च्या नियमात ते घातक कचऱ्यात येतं आणि त्यात काय काय असतं ते आत्ताच वाचलंत. परवानावाला भंगारवाला ड्रम भरल्यावर घेऊन जातो, पैसे पण देतो.

आणि बाटलीवर ट्रकचा नंबर लिहा, ड्रायव्हरचं नाव लिहू नका. नाव दिसलं की त्यांना वाटतं मालक आपली चोरी पकडायला ऑइल तपासतोय, मग नमुन्याच्या आदल्या रात्री गुपचूप दोन लिटर नवीन ऑइल ओतलं जातं आणि तुमचा रिपोर्ट एकदम सुंदर येतो.